सही झाली, संमती बाकी

काकांचा जगातल्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षावर विश्वास नव्हता. तो माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या पक्षाचा, भला की बुरा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. हातात पेन धरलेला राष्ट्राध्यक्ष दिसला की काकांचा चहा निवलाच म्हणून समजा. सकाळच्या वर्तमानपत्रात तसा फोटो हटकून असायचा. लांबलचक टेबल, मागे दोन झेंडे, आणि दोघं जण हसत हसत एकमेकांना फाइल देतायत. काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "आल्झो, तर मग! सही झाली. संमती कुठाय?"

मग कात्री यायची. फोटो कापला जायचा आणि जाडजूड ऑर्डनरमध्ये, म्हणजे जर्मन फायलीत, लागायचा. असे ऑर्डनर दोन होते. एकावर काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं 'साखरपुडे', आणि दुसऱ्यावर 'लग्नं'. राष्ट्राध्यक्षाने सही केली, पण त्याच्या संसदेने अजून होकार दिलेला नाही, तो करार साखरपुड्यांत. पुढे कधी संसदेने मान्यता दिली की तो फोटो तिथून काढून, मागे तारीख घालून, लग्नांत. साखरपुड्यांचा ऑर्डनर इतका फुगला होता की त्याला नाडी बांधावी लागे. लग्नांचा बिचारा किडकिडीत.

हे काका म्हणजे माझे घरमालक. मी रसायनशास्त्रात पीएचडी करायला हायडेलबर्गला आले, तेव्हा नेकार नदीच्या पलीकडे त्यांच्या घरातली उतरत्या छपराची वरची खोली मला मिळाली. ते मूळचे पुण्याचे. कायदा शिकायला तरुणपणी इथे आले, आणि कायद्याच्याच एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. विधिमंडळाला न विचारता राष्ट्राध्यक्ष परक्या देशाशी किती दूरवर करार करू शकतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो प्रबंध आजवर चार माणसांनी वाचला असेल. चौथी मी. भाडेकरू होते, करते काय?

न वाचता सुटकाही नव्हती, कारण जेवताना तोच विषय असे. "अमेरिकेत बघ," काका आमटीत पोळी बुडवत म्हणायचे, "घटनेत स्वच्छ लिहिलंय. करार राष्ट्राध्यक्षाने करावा, पण सिनेटमधल्या दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मग ही मंडळी काय करतात? त्याला करार म्हणतच नाहीत! समझोता म्हणतात आणि एकट्याच्या सहीवर उरकतात. म्हणजे कसं, पोरगा पळून जाऊन लग्न करतो आणि आईला सांगतो, लग्न कुठे केलंय, आम्ही नुसते एकत्र राहतोय!"

"अहो, पोरीसमोर काय उदाहरणं देताय," काकू म्हणायच्या.

"गेनाऊ! हेच म्हणतोय मी. आणि करार करायला सिनेट लागते, पण मोडायला कोण लागतं ते घटनेत लिहिलेलंच नाही. लग्नाला सगळा गाव, काडीमोडाला नवरा एकटा."

"आणि इथे?" मी विचारायची, कारण विचारलं नाही तरी ते सांगणारच.

"इथे राष्ट्राध्यक्ष सही करतो खरा, पण महत्त्वाचा करार असला तर बुंडेसटागने, म्हणजे इथल्या संसदेने, आधी कायदा करून होकार द्यायचा. तोवर पेनाचं टोपण बंद."

"आणि आपल्याकडे?"

एवढ्या एका प्रश्नाला काकांचा आवाज खाली यायचा. "आपल्याकडे नाव राष्ट्रपतींचं, ठरवणार मंत्रिमंडळ. आणि संसदेला आधी विचारलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. भात घे."

माणसाला इतकं वेड लागायला काहीतरी झालेलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. एकदा मटार सोलता सोलता काकूंनी मला सांगितलं. काकांच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा याद्या करायला त्यांचे आजोबा एकटे गेले होते. याद्या म्हणजे देणंघेणं, मानपान, सगळं कागदावर उतरवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी खाली सह्या करायच्या, ही आपली रीत. त्या यादीत एक ओळ होती, मुलगी लग्नानंतर कॉलेज सोडेल. आजोबांनी सही केली आणि घरी येऊन पेढे वाटले. ताईंना ती ओळ कळली तेव्हा अक्षता पडून चार दिवस झाले होते. त्या वर्गात पहिल्या यायच्या.

मी मोठ्या हुशारीने काकांना म्हटलं, "काका, म्हणजे तुमच्या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी आत्या आहेत तर."

"छे छे. ताईचा काय संबंध? मला मुळातच कायद्याची आवड," असं म्हणून ते ताडकन उठले आणि कात्री शोधायला गेले. कात्री समोरच होती.

आता कुणी म्हणेल, बोलणारे खूप असतात. पण काका जे बोलायचे ते घरात लागू करायचे, आणि त्याचा पहिला फटका मलाच बसला. मी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले तेव्हा काकू तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेलेल्या होत्या. काकांनी भाड्याच्या करारावर सही केली, मी केली, हस्तांदोलन झालं. मग ते म्हणाले, "छान. आता ही आली की तिच्यासमोर ठेवू. तिने मंजूर केला की तू भाडेकरू."

"आणि तोपर्यंत?"

"तात्पुरती अंमलबजावणी. आंतरराष्ट्रीय कायद्यात तशी सोय आहे."

मला हसू आलं. हसू दहा दिवस टिकलं. जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करावी लागते, म्हणजे मी इथे राहते अशी सरकारी नोंद. तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो काका देईनात! खोलीत झोपू देतात, स्वतःच्या हाताने पोहे करून घालतात, पण कागद मागितला की म्हणतात, "मला तसा अधिकार नाही." नोंद नाही तर बँकेत खातं नाही, शिष्यवृत्ती जमा होणार नाही, व्हिसा पुढे सरकणार नाही. बाराव्या दिवशी मी रडकुंडीला येऊन काकूंना फोन लावला. त्यांनी एवढंच म्हटलं, "त्यांना दे फोन." मग मला खोलीभर ऐकू आलं, "अहो, त्या मुलीला आधी कागद द्या!"

"हे मी मंजुरी समजू का?" काकांनी विचारलं.

"समजा!"

त्यांनी घड्याळात बघून वेळ लिहिली, सही केली आणि मला म्हणाले, "बघ, किती सोपं असतं. नुसतं विचारायचं असतं." मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की पोह्यांचे उपकारसुद्धा मी विसरले.

शेजारच्या जर्मन आजींना मात्र काका पसंत होते. दोन बागांमधलं कुंपण किती उंच ठेवायचं ते काकांनी त्यांच्याशी बोलून ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की आमच्याकडे ते नामंजूर झालं, माफ करा. कुठल्याही माणसाला वाटेल, हा गृहस्थ शब्दाला पक्का नाही. आजी म्हणाल्या, "जा, नातूर्लिश," म्हणजे त्यात काय, साहजिकच आहे, आणि पुन्हा बोलणी सुरू केली. त्या कुंपणाची बोलणी एक उन्हाळाभर चालली. शेवटी जी उंची ठरली ती पुढे कुणी कधी मोडली नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळाने कोणत्या मुहूर्तावर काकांना नियमावली लिहायला सांगितली कोण जाणे. इथे मंडळ म्हणजे चार टाळकी जमली आणि गणपती बसवला असं नसतं. कोर्टात नोंदलेला रीतसर फेराइन म्हणजे संस्था असते, त्याची झात्सुंग म्हणजे नियमावली असते, सर्वसाधारण सभा असते, तिचं प्रोटोकोल म्हणजे इतिवृत्त असतं. त्या नियमावलीत काकांनी कलम अकरा घातलं. मंडळाला एका वर्षापेक्षा जास्त काळ बांधून ठेवणारा कुठलाही करार अध्यक्षाने सभेच्या संमतीशिवाय करू नये, आणि केला तर तो मंडळावर बंधनकारक नाही. नुसतं लिहून थांबले नाहीत. अध्यक्षाच्या अधिकाराला असलेली ही मर्यादा त्यांनी कोर्टाच्या नोंदवहीतसुद्धा चढवली, म्हणजे बाहेरच्यालाही नंतर म्हणता येऊ नये की आम्हाला ठाऊक नव्हतं. "काका, आपण काय फ्रान्सशी तह करणार आहोत का?" असं म्हणून लोक हसले होते. त्या हसणाऱ्यांत मीही होते.

पुढे माझी पीएचडी झाली, मी लुडविग्सहाफेनच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला लागले, लग्न झालं, आणि सगळ्यांनी नको नको म्हणून मागे सरकत सरकत मंडळाची अध्यक्ष मला केलं. काका कार्यवाह. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मला चर्चा सोसत नाही. कारखान्यात एखादी गोष्ट करायची ठरली की ती संध्याकाळपर्यंत झालेली लागते मला. मंडळात एक पंखा घ्यायचा तरी तीन बैठका व्हायच्या, आणि माझं रक्त उकळायचं.

काका दर शनिवारी मंडळातल्या मुलांना मराठी शिकवायचे. ही मुलं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर जर्मनमध्ये देतात. काका त्यांना रागवायचे नाहीत. मूल जर्मनमध्ये बोललं की ते कानाला हात लावून म्हणायचे, "ऐकू आलं नाही," आणि ते मूल मराठीत बोलेपर्यंत वाट बघायचे. कितीही वेळ. पण वर्गाला जागा नव्हती. कधी चर्चचं तळघर, कधी कुणाची बैठकीची खोली, एक वर्ष तर बालवाडीत. तिथे काका वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचे. चाकांच्या पिशवीत पुस्तकं भरून ट्रामने न्यायची, ट्रामने आणायची. सत्तरी कधीच ओलांडलेली, एक गुडघा कामातून गेलेला. कुणी पिशवी धरायला आलं तर देत नसत. त्यांना एक खोली हवी होती. कपाट असलेली, शनिवार ते शनिवार पुस्तकं जिथे राहतील अशी एक खोली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, पण मी विसरले नव्हते.

आणि ती खोली चालून आली. शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या भारतीय संस्थेने स्वतःची इमारत घेतली होती. त्यांचे अध्यक्ष मला म्हणाले, दहा वर्षांसाठी एक खोली तुमच्या शाळेला देतो, कपाटांसकट. बदल्यात तुमचा वेगळा गणपती बंद करा, दहा वर्षं आमच्याच उत्सवात या. दुसरं एक मंडळही मागतंय, आज सांगा. मी पाच मिनिटं विचार केला. कलम अकरा मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण डोळ्यांपुढे ते कपाट होतं आणि त्यात काकांची पुस्तकं लावलेली होती. मी सही केली. हस्तांदोलनाचा फोटो काढला आणि तिथूनच मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे वर झाले, टाळ्या झाल्या, कुणी पेढ्याचं चित्र पाठवलं. मग काकांचा संदेश आला. दोनच शब्द. 'कलम अकरा.'

मी तडक हायडेलबर्ग गाठलं. बूट काढायचंही भान नव्हतं मला.

"काका, खोली तुमच्यासाठी घेतलीय मी!"

"माहीत आहे. बूट काढ."

"मग विरोध कशाला?"

"विरोध कुठे केला? विचार एवढंच म्हणतोय."

"विचारलं तर महिना जाईल. नाही म्हणतील. आपल्या लोकांना सगळ्याला नाही म्हणायची सवय आहे!"

"नाही म्हणता येत असेल तरच त्याला विचारणं म्हणतात," काका म्हणाले. "तू वाईट करार केलास असं मी म्हणत नाहीये. कदाचित फार चांगला असेल. पण आज चांगल्यासाठी तू एकटीने सही केलीस. उद्याचा अध्यक्ष कशासाठी करेल?"

"तुम्हाला ती खोली नकोच आहे," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. काकूंनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः माझ्याबरोबर त्या संस्थेच्या अध्यक्षांकडे आले. कोर्टाच्या नोंदीची प्रत पुढे ठेवून त्यांनी शांतपणे सांगितलं की हिची सही आहे, पण ती आमच्यावर अजून लागू नाही. चार आठवडे द्या. ते गृहस्थ आधी चिडले, मग प्रत वाचली, मग चार आठवडे दिले. मी खाली मान घालून बसले होते. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या चार आठवड्यांत मी जे काका बघितले ते मला आधी माहीत नव्हते. कराराची प्रत आणि सभेची सूचना प्रत्येक सभासदाला टपालाने गेली. काकांनी एका पानावर डावीकडे करारातून काय मिळतं आणि उजवीकडे काय जातं ते लिहिलं, आणि दोन्ही बाजू इतक्या इमानदारीने लिहिल्या की काकू वाचून म्हणाल्या, "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"सभेच्या."

"आणि मत?"

"मत खोलीला. खोली मला हवी आहे."

आणि त्यांनी खोलीसाठी जिवाचं रान केलं. रोज फोन. ज्यांना फोनवर पटेना त्यांच्या घरी. गुडघ्याला पट्टा बांधून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, ऱ्युसेल्सहाइमला गेले, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातल्या तीन इंजिनियर कुटुंबांकडे बसून त्यांनी कराराचं प्रत्येक वाक्य समजावून सांगितलं. मी म्हटलं, मी गाडीने सोडते. म्हणाले, "नको. अध्यक्षाने मतं मागायला दारात उभं राहू नये, लोकांना नाही म्हणणं जड जातं."

सभा चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी झाली. इतकी माणसं मी मंडळाच्या जेवणालाही पाहिली नव्हती. एकांच्या सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या, त्यांनीही हात वर करायची तयारी केली होती. काकांनी त्यांना नमस्कार करून सांगितलं, "आई, तुम्हाला बोलता येईल, मत देता येणार नाही." त्या म्हणाल्या, मग बोलून काय उपयोग, आणि तरी दहा मिनिटं बोलल्या.

मी कराराची बाजू मांडली. चांगली मांडली. मग ऱ्युसेल्सहाइमची एक तरुण आई उठली. तिच्या घरीही काका जाऊन आले होते.

"ताई, शाळेला खोली हवीच आहे," ती मला म्हणाली. "पण माझी मुलगी वर्षभर माझ्याशी जर्मनमध्ये बोलते. काकांच्या वर्गातसुद्धा ती गप्पच असते. फक्त आपल्या गणपतीत ती पुढे उभी राहून मराठी आरती म्हणते, कारण तिथे सगळे तीच म्हणत असतात. त्या मोठ्या उत्सवात ती मागे उभी राहील, मला माहितीये. दहा वर्षांनी ती अठरा वर्षांची असेल. हे तुम्ही देऊन टाकलंत, आणि आम्हाला ते फोटोवरून कळलं."

खरं सांगायचं तर ही गोष्ट माझ्या मनात आलीच नव्हती. पाच मिनिटांच्या विचारात ती यावी कुठून?

मतदान हात वर करून झालं. काका पहिल्या रांगेत होते. त्यांचा हात कराराच्या बाजूने वर होता, अगदी सरळ, वर्गातल्या शहाण्या मुलासारखा. तीन मतं कमी पडली.

खोली त्या दुसऱ्या मंडळाला गेली. आम्हाला तशी जागा पुन्हा मिळाली नाही. काका त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ती पिशवी ट्राममध्ये चढवत उतरवत राहिले, आणि मग एका हिवाळ्यात गेले. मी घाई केली नसती, आधी लोकांत बसले असते, गणपतीचं कलम वगळून घ्यायला त्या संस्थेशी भांडले असते, तर खोली मिळाली असती का? कदाचित. हे ओझं माझं आहे आणि ते मला कुणी उचलू लागू नये.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. लोक खुर्च्या रचून ठेवत होते. काका टेबलाशी बसून प्रोटोकोल लिहीत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, मी राजीनामा देते."

"कशाबद्दल?"

"तुमची खोली गेली."

"गेली," ते म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. डोळे ओले होते त्यांचे, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "फार हवी होती ग मला. पण गेल्या महिन्यात ती तशीच मिळाली असती, तर दर शनिवारी कुलूप काढताना मी त्या मुलीच्या आईला तोंड कसं दाखवलं असतं? आज हरलो, पण नीट हरलो. राजीनामा कसला देतेस? सोमवारी दुसऱ्या जागेसाठी पत्रं लिहायची आहेत."

मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. ठराव मांडला, चर्चा झाली, ठराव नामंजूर. खाली दोन जागा होत्या. कार्यवाहाच्या जागेवर त्यांची सही झालेली होती.

"अध्यक्षाची लागते इथे," ते म्हणाले.

मी पेन घेतलं आणि तशीच उभी राहिले. "हिला कुणाची संमती घ्यायची?"

"हिला कुणाची नाही," काका म्हणाले. "ही तुझी एकटीची."

मी सही केली.